डिपर

क्लीनर पोरगं मामाच्या लग्नाला गेलं
म्हणून मी.
नाहीतर अकरा वर्षांत हा ट्रक मला
फक्त दसऱ्याला भेटला,
बोनेटवर झेंडू, चाकाखाली लिंबू,
आणि मग फाट्याकडं जाणारा पाठमोरा नंबर.

वसमतच्या मोंढ्यातून हळद. सांगलीला.
ताडपत्रीचे दोर आवळून हे वर चढले तेव्हा
यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या.
मी हसले. यांना कारण कळलं नाही,
किंवा कळलं.

सीटच्या मागं झोपायच्या फळीवर गोधडी अंथरलेली.
गोधडी माझी. हिरव्या लुगड्याची, मीच शिवलेली.
ती हरवली म्हणून दोन वर्षं
मी शेजारच्या कौसाबाईशी नीट बोलले नव्हते.

मी यांचं नाव घेत नाही.
झिरो फाट्यावरचा हॉटेलवाला घेतो.
"काय शेषेराव, आज कोण संगं?"
"गाडीची मालकीण," हे म्हणाले,
आणि दोन चहा, एक बिनसाखरेचा.
बिनसाखरेचा यांचा. मला माहीतच नव्हतं.
हॉटेलात बाईमाणसाला जागा नाही.
मागच्या तुरीत गेले तर हे धुऱ्यावर
पाठ करून उभे, बॅटरी आभाळाकडं धरून.

परभणी गेली. थंडी अशी
की खिडकीच्या फटीतून सुरी यावी.
"लावू का काच?"
"नको. पुढची काच मिटंल."
मग पुडीतली तंबाखू काढून
हे समोरच्या काचेवर घासत राहिले.
घरी जिच्यावरून मी भांडते
ती इथं रस्ता दाखवते, बघा.

दैठण्याच्या पुढं गाडी बाजूला घेतली.
टामी माझ्या हातात दिली. "ठोक. ठण्ण म्हणलं तर हवा हाय."
बाजारात माठाला टिचकी मारावी
तसे मी दहाही टायर ठोकले.
मागचा, आतल्या अंगाचा, बद्द वाजला.
"शाबास," म्हणाले.
अकरा वर्षांत माझ्या पुरणाला म्हणाले नाहीत.
मग जॅक, पाना, पाऊण तास.
लोखंड इतकं गार की हाताला डसतं.
बॅटरी धरून धरून माझी बोटं माझी राहिली नाहीत.

रोज पहाटे फोन येतो. "पोचलो."
एवढंच.
मला वाटायचं, शब्दाला पैसे पडतात का या माणसाला.
तर जबडाच उघडत नसणार.

मग आमचा फाटा आला.
लिंबाचं झाड, बंद टपरी, दोन शेतं ओलांडून घर.
यांचा हात आपोआप गेला.
डिपर. दोनदा.
ज्वारीवरून उजेड पळत गेला, माघारी आला.
समोर रस्ता रिकामा.
"कोणाला दिला?"
"कोणाला नाही."
गियर बदलला. उगाच. चढ नव्हता तिथं.

किती रात्री.
कपाटाच्या आरशावर एक उजेड यायचा,
देवळीपर्यंत सरकायचा आणि विझायचा,
पुन्हा एकदा.
मी म्हणायचे, असंल कोणाची तरी गाडी.
कूस बदलायचे.
एकदा तर उठून पडदा लावला होता, जाड, निळा,
गंगाखेडच्या बाजारातून मुद्दाम आणून.

पोरं आज सासूबाईंच्या खोलीत.
तो उजेड आत्ता निळ्या कापडावर आपटला असंल,
आणि आत कोणीच नाही,
मी इथं, उजेडाच्या मागं बसलेली.

काही बोलावं वाटलं.
पण गंगेचा पूल आला, पुलावर धुकं,
कठडा दिसेना, पाणी दिसेना,
समोरून उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना काही,
हे पुढं वाकलेले, नाक काचेला लावून.
काच पुन्हा मिटत चाललेली.

मी पुडी उघडली.
हात लांब करून घासत राहिले,
माझ्या बाजूची नाही,
यांच्या.